अकरा घरांतल्या गाठी

खुरसावाडीत एखाद्याने नवा पडदा लावायचा ठरवला, तरी तो आधी तेरेझाबायला विचारून. मालवणच्या उत्तरेला, माडांच्या सावलीत बसलेल्या या वाडीत पर्यटकांना घरात उतरवून घेण्याचं धाडस पहिल्यांदा तिने केलं होतं. तेव्हा शेजारचे दाजी कुंपणावरून म्हणाले होते, "लोक हॉटेलां सोडून तुज्या घरात कित्याक झोपाक येतले गो?" लोक आले. तिच्या हातचं माशाचं सार जेवून गेले, पुढच्या वर्षी भावंडांना घेऊन आले, आणि मग दाजींनीही रिकामा गोठा पाडून तीन खोल्या बांधल्या. आज वाडीतल्या अकरा घरांत पाहुणे उतरतात. चादरी कुठल्या रंगाच्या घ्यायच्या, सोलकढीत मिरची किती ठेचायची, कुठल्या पाहुण्याला काटे काढून मासा वाढायचा, सगळ्याला एकच उत्तर: तेरेझाबाय करता तसा करा. तिला याचा अभिमान होता आणि तो लपवायची गरज तिला कधी वाटली नव्हती. साठी ओलांडलेली बाई, स्वतःच्या हिमतीवर घर उभं केलेली. तिने मान जरा ताठ ठेवली तर कुणाचं काय बिघडतं?

बिघडवलं ते प्लास्टिकच्या पिशवीने.

समुद्राकाठी राहणाऱ्याला खारा वारा काय चीज आहे ते सांगावं लागत नाही. दोन पावसाळ्यांत तो खिडकीचे गज खातो, कुलपं खातो, फ्रिजचे पाय खातो. म्हणून वाडीत जे जे लोखंडी, ते ते प्लास्टिकात. शिलाई मशीन प्लास्टिकात, पंख्याची मोटर प्लास्टिकात, टीव्हीचा रिमोटसुद्धा प्लास्टिकात, कारण त्याच्या पोटात सेल असतात. दोन वर्षांपूर्वी होमस्टेवाल्यांच्या मंडळाने एकत्र मिळून आग विझवायचे लाल सिलिंडर मागवले. मंडळाचं कामकाज बघणारी नम्रता एकेकाला ते वाटत होती आणि तेरेझाबायच्या मनात पहिला विचार आला तो गंजाचा. तिने आपला सिलिंडर घरी नेला, त्याच्यावर तांदळाच्या दोन जाड प्लास्टिक पिशव्या चढवल्या आणि मानेला काथ्याची दोरी बांधली. गाठ मारली ती तिच्या बापाने शिकवलेली. बाप रापणकर; किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्याला मारायची ती गाठ ओढाल तितकी आवळते.

तिचा नवरा सांतान दारात उभा राहून बघत होता. आयुष्याची पंचवीस वर्षं त्याने जहाजाच्या भटारखान्यात काढलेली, बोलायचा कमी.

"जहाजार कोणी असो बांधून ठेवलो असतो," तो म्हणाला, "तर कप्तानान तेका त्याच दोरयेन बांधून दर्यात सोडलो असतो."

"ह्यां घर आसा, जहाज न्हय," तेरेझाबाय म्हणाली. "उद्या गंज चढलो तर नवो कोण आणतलो? तू?"

दुसऱ्या दिवशी दाजी आपला सिलिंडर काखोटीला मारून हजर. "तेरेझाबाय, माकाय बांधून दी गो. तुजी गाठ ती गाठ." मग नम्रता आली, मग तिच्या मागून बाकीचे. आठवडाभरात अकराच्या अकरा सिलिंडर पिशव्यांत गेले, आणि दोरीची प्रत्येक गाठ तेरेझाबायच्या हातची.

सिलिंडरबरोबर छताला लावायची एक पांढरी डबीही आली होती, धूर लागला की किंचाळणारी. ती जिन्याच्या तोंडावर, स्वयंपाकघराच्या दाराशी बसवली. आता मालवणी घरात निखाऱ्यावर सुका बांगडा भाजायचा नाही तर करायचं काय? पहिल्याच संध्याकाळी बांगडा पडला निखाऱ्यावर आणि डबीने असा काही आकांत मांडला, की वरच्या खोलीतले एक गृहस्थ साबणाच्या फेसासकट अंगणात आले. तेरेझाबायला हसूही आलं आणि लाजही वाटली. तिने स्टुलावर चढून डबीवर चिकटपट्टी लावली, एकावर एक तीन पदर. बांगडा भाजून झाला की काढू, असं तेव्हा मनात होतं. मग रोजच काही ना काही भाजायचं निघे आणि पट्टी तिथेच राहिली.

नाताळाच्या दोन दिवस आधीची गोष्ट. घर भरलेलं. वरच्या खोलीत कोल्हापूरची अक्षया, तिचा नवरा आणि पाच वर्षांची रिया. सकाळी कुणकेश्वरला जाऊन आलेली मंडळी; जेवून पोर वर गाढ झोपली. साडेतीनच्या सुमारास अक्षया खाली आली.

"मावशी, रिया झोपलीये. आम्ही जरा पाण्यात पाय बुडवून येतो. लक्ष ठेवाल ना?"

"बिनधास्त जा," तेरेझाबाय म्हणाली. "मी आहे."

ती नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत होती. नाताळाच्या नेवऱ्यांचा पहिला घाणा घरात कुणी तोंडात टाकायचा नाही, तो शेजारी जायचा, ही तिच्या सासूपासूनची रीत. पहिला घाणा निघाला. तिने ताटली भरली, वर क्रोशाचा रुमाल घातला, कढईकडे पाहिलं. तेल चांगलं तापलं होतं, गॅस बंद केला तर पुन्हा तापायला वेळ जाणार. कुंपण तर वीस पावलांवर. ती गेली.

दाजींनी रुमाल उचलला, नेवरी मोडली आणि तोंड भरून कौतुक सुरू केलं. चुनात, म्हणजे सारणात, खसखस घातलीस का, खोबरं किती भाजलंस, मागच्या वर्षीपेक्षा यंदा पारी पातळ झालीय. कौतुक ऐकताना तेरेझाबायला घड्याळ कळत नसे. ती खोबऱ्याबद्दल सांगू लागली आणि तेवढ्यात अंगणात कागदी तारा टांगत असलेल्या सांतानची हाक आली. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, पण त्याने तिला नावाने एवढ्या मोठ्याने हाक मारलेली तिने ऐकली नव्हती.

ती पोहोचली तेव्हा कढई पेटली होती. सांतानने आत शिरून गॅस बंद केला, मोठं झाकण तिरकं धरून कढईवर सरकवलं. जहाजावर शिकलेलं त्याचे हात विसरले नव्हते. पण ज्वाळा आधीच खिडकीच्या पडद्याला लागली होती, आणि पडद्यावरून फळीवर ठेवलेल्या नाताळाच्या कागदांना.

"सिलिंडर!" तो ओरडला.

तेरेझाबायने भिंतीवरून सिलिंडर उतरवला. बोटं तेलाने माखलेली. गाठीला नख लावलं, नख मोडलं. दोरी ओढली, गाठ आणखी आवळली. पिशवी फाडायला गेली तर ती जाड, तांदळाची. हातातून सटकायला लागली. तिने गाठीला दात लावले. तोंडात काथ्याचे तंतू आले, गाठ होती तशीच. बापाने शिकवलेली गाठ.

धूर दारातून बाहेर पडून जिन्याकडे वळला. तो वळताना तिने पाहिला आणि तिच्या एकदम लक्षात आलं, की आपण मघापासून कसलीतरी वाट बघतोय. डबी वाजायची वाट. वर पोर झोपलीय, डबी वाजेल आणि पोर उठेल. आणि डबी वाजणार नव्हती.

सिलिंडर तिच्या हातातून गळाला. फडकं माठात बुडवून तिने तोंडाला लावलं आणि जिना चढली. वरच्या खोलीत धूर कमरेपर्यंत उतरला होता. रिया उशीत तोंड खुपसून झोपली होती. तेरेझाबायने चादरीसकट तिला उचललं, छातीशी आवळलं आणि भिंतीला खांदा घासत खाली आली. सांतानने तोवर पडदा ओढून खाली पाडला होता आणि ओलं गोणपाट मारून मारून आग विझवली होती. त्याच्या उजव्या हाताला फोड आले. भिंत छतापर्यंत काळी झाली. बाकी सगळं वाचलं.

दाजींनी कुंपणापाशी उभं राहून हे सगळं पाहिलं होतं, म्हणजे त्यांना दिसलं तेवढं: धुरातून चादरीचं गाठोडं घेऊन येणारी तेरेझाबाय. संध्याकाळपर्यंत वाडीत, दुसऱ्या दिवशी मसुरे गावापर्यंत ती गोष्ट गेली. अक्षया तिच्या गळ्यात पडून रडली. कोल्हापूरला पोहोचल्यावर तिने बुकिंगच्या साइटवर लांबलचक लिहिलं: स्वतःच्या जिवाची पर्वा न करता आमच्या मुलीला वाचवणारी मावशी. लोकांनी ते एकमेकांना पाठवलं. चर्चमध्ये पाद्रींनी नाव घेतलं. नम्रता घरी येऊन सांगून गेली, जानेवारीच्या बैठकीत तुमचो सत्कार आसा, काकी, मालवणसून पर्यटन खात्याचे सायब येतले.

खरं सांगायचं तर तेरेझाबायला ते आवडलं. चार दिवस ती त्या कौतुकात मजेत होती. पोर वाचवली होती हे काय खोटं होतं? जिना तिनेच चढला होता. ती का धावली, एवढंच कुणी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी ती दाजींकडे आपली ताटली आणायला गेली. दाजी आत पाणी आणायला गेले आणि तिची नजर भिंतीवर गेली. लाल सिलिंडर, तांदळाची पिशवी, काथ्याची दोरी. गाठ तिची. खालच्या खोलीत मुंबईचं एक कुटुंब उतरलं होतं. पाळण्यातलं मूल रडत होतं आणि त्याची आई त्याला गप्प करत होती. तेरेझाबायने ताटली घेतली, पाणी न पिताच घरी आली आणि सोप्यावर बसून राहिली. आपल्याच हातांची तिला लाज वाटत होती.

"अकरा घरां," ती सांतानला म्हणाली. "अकराय घरांत मीया गाठी मारलंय."

सांतानच्या हाताला अजून पट्टी होती. "मगे गपचूप जावन सोड सगळ्यांची. कोण इचारता?"

तिने तो विचार रात्रभर केला. सोपं होतं. एकेका घरी जायचं, कात्री चालवायची, नवी फॅशन आली म्हणून सांगायचं. आणि दोन महिन्यांनी सिलिंडरवर गंजाचा पहिला ठिपका दिसला, की नम्रता नवी पिशवी चढवणार. कारण पिशवीने काय केलं ते तिला ठाऊकच नसणार. वाडीने तिचं ऐकलं होतं ते तिच्या नावामुळे. आता तेच नाव खर्ची घातल्याशिवाय वाडी दुसरं काही ऐकणार नाही, हे तिला नीट कळलं, आणि कळल्यावर तिला रडू आलं. ते नाव कमवायला तिला वीस वर्षं लागली होती.

सगळ्यांत आधी तिने अक्षयाला फोन केला. पट्टीचं सांगितलं, गाठीचं सांगितलं, पेटता गॅस सोडून नेवऱ्या घेऊन गेले तेही सांगितलं.

"मावशी," अक्षया म्हणाली, "मला आत्ता काही बोलता येत नाहीये." फोन बंद झाला.

बैठक शाळेच्या सभागृहात होती. टेबलावर शाल, नारळ, गुलाबाचा गुच्छ. मालवणहून आलेले साहेब चांगलं बोलले. मग नम्रताने तेरेझाबायचं नाव पुकारलं आणि टाळ्या पडल्या. तेरेझाबाय उठली. पांढऱ्या ठिपक्यांचा निळा फ्रॉक, केसांत क्लिप, हातात कापडी पिशवी. शुद्ध मराठीतलं भाषण तिने पाठ करून आणलं होतं.

"आदरणीय पाहुणे आणि माझ्या बंधुभगिनींनो," तिने सुरुवात केली. "आज आपण माझा जो सन्मान करत आहात..." पुढचं वाक्य तोंडाशी आलं आणि तिथेच थांबलं. तिने पिशवीतून सिलिंडर काढून टेबलावर, शालीशेजारी ठेवला. एका बाजूने काळवंडलेली पिशवी, दोरी, आणि गाठीवर दातांचे व्रण.

"दाजी, हंयसर येवा जरा," ती म्हणाली. "हो सिलिंडर उघडून दाखवा. असा समजा, घरात आग लागली हा आणि वयर पोर झोपला हा. नम्रता, मोबाइलार वेळ लाव गो."

दाजी हसत पुढे आले. दाजींची बोटं जाड, माडावर चढून चढून घट्ट झालेली. त्यांनी गाठ धरली, ओढली. पुन्हा ओढली. हसू मावळलं. अर्धं मिनिट झालं. दाजींनी पिशवी फाडायचा प्रयत्न केला, कपाळाला घाम आला. एक मिनिट. "कोयतो आसा काय कोणाकडे?" त्यांनी विचारलं. आता सभागृहात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आपापल्या घरची भिंत आली होती.

"दीड मिनिट झाला," नम्रता हळू आवाजात म्हणाली.

"पुरे, दाजी. बसा." तेरेझाबाय सभेकडे वळली. "माकाय सुटली नाय ती. दात लावलंय, तरी सुटली नाय. मीया वयर धावलंय ती धीट म्हणून न्हय. धुराची घंटी वाजाची नाय ह्यां माका म्हायत होतां, कारण बांगडे भाजूक गावचे म्हणून तिच्यार चिकटपट्टी मीच लावलेली. ता पोर देवाच्या कृपेन वाचला. तुमच्या घरांतल्यो गाठीय माज्याच. आज घराक गेल्यार पयल्यांदा त्यो कापा. आणि ज्यांनी ज्यांनी पट्टी लावल्यानी हा, ती काढा. लावल्यानी हा तां माका ठावक आसा, दाजी."

दाजींनी खाली पाहिलं.

"ही शाल माका नको," ती म्हणाली आणि खाली उतरू लागली.

मग दाजी उठले. त्यांनी शाल उचलली, टेबलाला वळसा घातला आणि तेरेझाबायच्या खांद्यावर घातली. "घे गो," ते म्हणाले. "नाताळात माज्या खालच्या खोलयेत तान्ह्या पोराची आई होती. तेच्यासाठी घे." तेरेझाबायने मान खाली घातली नाही. रडली, पण ताठ मानेने रडली.

त्या संध्याकाळी वाडीत अकरा दोऱ्या कापल्या गेल्या. पुढच्या कामात सांतान होता, आणि माणूस कधी नव्हे तो बोलायला लागला होता. धुराच्या डब्या स्वयंपाकघरापासून दूर, खोल्यांत आणि वरच्या बोळात गेल्या. चुलीपाशी धुराला न भुलणारी, फक्त उष्णतेने वाजणारी डबी आली. बांगडा अंगणात भाजायचा ठरला. मागच्या दाराचं कुलूप निघालं आणि आतून उघडणारी कडी बसली. सिलिंडरसाठी तेरेझाबायने जाड कापडाच्या टोप्या शिवल्या, नुसत्या वरून घालायच्या, एका हिसक्यात हातात येणाऱ्या. गंजाचं काय, तर दर शनिवारी सिलिंडर पुसायचा, दाबाचा काटा हिरव्यात आहे का बघायचं आणि पाच वाजता डबीचं बटण दाबायचं. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला दोन्ही दारं दाखवायची. हे सगळं ठरवताना कुणीतरी म्हणालंच, तेरेझाबाय करता तसा करा. आता म्हणताना लोक तिच्याकडे बघून थोडे हसतात, आणि तीही हसते.

एप्रिलमध्ये एक बुकिंग आलं. मे महिन्यातले चार दिवस, दोन मोठी माणसं, एक मूल. नाव अक्षयाचं. खाली एकच ओळ: वरचीच खोली द्या, मावशी.

शनिवारी पाच वाजता तेरेझाबाय सोप्यावर बसते. आधी स्वतःचं बटण दाबते, मग बोटं मोजत ऐकते. नम्रताकडची डबी वाजते, मग वाडीच्या खुरसापलीकडची, म्हणजे क्रुसापलीकडची, मग खालच्या आळीतल्या एकामागून एक. पर्यटकांना वाटतं वाडीला वेड लागलं. तेरेझाबायला तेव्हा जे वाटतं ते सत्काराच्या दिवशीही वाटलं नव्हतं. तिची छाती भरून येते आणि ती तसं सांतानला सांगतेही.

परवाच्या शनिवारी दहा बोटं झाली आणि अकरावा आवाज आला नाही. ती उठली, कुंपणापाशी गेली. दाजींच्या स्वयंपाकघरातून तळणाचा वास येत होता.

"दाजी, तुमची वाजाक नाय."

"वाजयतंय गो," आतून दाजी म्हणाले. "थांब, आदी गॅस बंद करतंय."

तेरेझाबाय कुंपणाला धरून उभी राहिली. आत बटणाचा टक आवाज ऐकू आला, मग घंटी वाजली. तिने अकरावं घर मोजलं आणि घरी आली.